गाडीचंही गाळणं बघत जा



आपल्याकडे मुलगी जरा हाताशी आली की तिला पहिलं काम शिकवतात ते पाणी गाळायचं. गाळण्याचं कापड 36 अंगुळं लांब, 24 अंगुळं रुंद. ते दुहेरी करायचं आणि दुहेरी केल्यावर त्यातून सूर्य दिसता कामा नये इतकं दाट हवं. पाणी गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं विसळायचं आणि ती जिवाणी जिथलं पाणी तिथंच हलक्या हातानं सोडायची. एवढ्यावरही काम संपत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे 48 मिनिटांची. नंतर ते पुन्हा गाळायचं. लवंग वगैरे घालून प्रासुक केलं तर 6 तास, उकळलं तर 24 तास. हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, आईच्या आणि सासूबाईंच्या हाताखाली आलं.

आज लिहिणार आहे ते दुसऱ्या एका गाळण्याबद्दल. ते आपल्या गाडीत असतं, त्याला फ्यूएल फिल्टर म्हणतात, आणि आपल्यापैकी बहुतेकींनी ते कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. आता आपण बायकाही गाडी चालवतो. देवळाला जातो, मुलांना क्लासला सोडतो, महाराजांचा विहार चालू असेल तर चौक्याचं सामान घेऊन पुढच्या गावाला पोचतो. पण बॉनेट उघडायची वेळ आली की "ते पुरुषांचं काम" म्हणून बाजूला होतो. पाणी गाळण्यात आपल्याएवढं जाणतं कुणी नाही. मग हे गाळणं आपल्याला का कळू नये?

आधी ते काय असतं ते सांगते. डिझेल गाडीत टाकीतून निघालेलं डिझेल इंजिनाकडे जाताना वाटेत एका डब्यातून जातं. त्या डब्यात खास कागद असतो, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या बारीक घड्या घालून बसवलेला. घड्या अशासाठी की थोड्या जागेत पुष्कळ कागद मावावा. त्याची छिद्रं काही मायक्रॉनची असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला तर ही छिद्रं किती बारीक ते समजेल. डब्याच्या तळाशी पाणी साठायला जागा असते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं आणि तळाचा स्क्रू सैल करून काढून टाकता येतं. काही गाड्यांत पाणी जास्त झालं की पुढच्या पॅनेलवर दिवाही लागतो.

एवढं बारीक गाळायचं कारण पुढचे भाग तितकेच नाजूक. आजच्या डिझेल इंजिनात इंजेक्टरमधून, ज्याला आपले मिस्त्री नोझल म्हणतात, डिझेलचा फवारा 1600 बार किंवा त्याहूनही जास्त दाबानं मारला जातो. टायरमधल्या हवेच्या सातशे पटींहून अधिक हा दाब. ज्या छिद्रातून फवारा येतो ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं तेही डिझेलचंच. त्यात धुळीचा कण गेला तर पॉलिश पेपरनं घासल्यासारखं होतं, आणि पाणी गेलं तर वंगण तुटतं, गंज धरतो.

आता आमच्या घरी काय झालं ते सांगते, कारण मी हे सगळं शिकले ते त्यातून.

आमच्या सासूबाई 76 वर्षांच्या. बरीच वर्षं त्यांच्या मनात सम्मेदशिखरजीची यात्रा होती. पाय चालेनात, पण डोलीतून का होईना एकदा जायचंच. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी, जन्मात एकदा तरी डोक्याला तिथली माती लागावी एवढीच इच्छा. त्यासाठी त्या दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवत होत्या आणि आम्हीही त्यात घालत होतो.

त्या हिवाळ्यात एका अमावस्येला मी त्यांना आणि शेजारच्या दोघींना घेऊन स्तवनिधीला निघाले. निपाणीपर्यंत गाडी नेहमीसारखी. तवंदीचा घाट लागला आणि गाडी ओढेना. एक्सलेटर दाबला तरी आवाज नुसता जड व्हायचा, वेग उलट उतरायचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आले, मग पहिल्यावर. मागं लोड भरलेले ट्रक, हॉर्नवर हॉर्न. डावीकडे कड धरून, चारही इंडिकेटर लावून कशीबशी वर चढवली. मागच्या दोघी गप्प. सासूबाईंचा णमोकार तेवढा चालू होता. वर पोचल्यावर गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, तर एका जागी उभी असताना इंजिन अगदी शांत, काही झालंच नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजला दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, "चारही नोझल गेलेत. बदलावे लागतील." खर्च सांगितला तो चाळीस हजारांच्या पुढं. घरात तेवढे रोख पैसे एकाच ठिकाणी होते. ह्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण जेवताना सासूबाईच म्हणाल्या, "शिखरजी काय पळून जात नाही. गाडी रोजची आहे, आधी गाडी करा." त्यांनी इतक्या सहज म्हटलं की माझ्या घशाखाली घास उतरेना.

मी ह्यांना म्हटलं, पैसे घालायच्या आधी आणखी एकाला दाखवू. गावाबाहेर एक म्हातारे मिस्त्री आहेत, ट्रॅक्टर आणि ट्रकची कामं करणारे. त्यांनी मला फक्त प्रश्न विचारले. सकाळी चालू व्हायला वेळ घेते का? उभी असताना थरथरते का? सपाटीवर कशी पळते? चढावर, नाहीतर कुणाला मागं टाकताना मरते का? मी सांगत गेले. ते म्हणाले, "वैनी, इंजिनाला काय झालेलं न्हाई. त्याला प्यायला मिळंना झालंय."

हे वाक्य मी विसरणार नाही, कारण सगळं त्यात आलं. गाडी उभी असताना इंजिनाला डिझेल अगदी थोडं लागतं. फिल्टर तुंबलेला असला तरी तेवढं झिरपून मिळतं, म्हणून काही कळत नाही. सपाटीवरही बहुतेक वेळा भागतं. चढ आला, गाडी भरलेली असली, किंवा एकदम वेग हवा असला की मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि तेव्हा तुंबलेल्या कागदातून तेवढं येत नाही. दाब पडतो, ताकद जाते, कधी गाडी धक्के खाते, कधी बंदही पडते. नव्या गाड्यांत संगणक दाब कमी झालेला ओळखून स्वतःच ताकद कमी करून ठेवतो. म्हणजे फिल्टरची खरी परीक्षा घाटात. आणि घाटातच गाडीनं दगा देणं सगळ्यांत धोक्याचं.

मिस्त्रींनी फिल्टर काढला. त्याचे नट गंजून घट्ट बसलेले, सोडवायला जोर लावावा लागला. डब्यातलं जे होतं ते त्यांनी एका काचेच्या बाटलीत ओतलं आणि बाटली थोडा वेळ तशीच ठेवली. तळाशी पाणी, वर डिझेल, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत असा एक थर. मग करवतीनं डबा कापून आतला कागद उलगडून दाखवला. काळाकुट्ट, आणि घड्यांमध्ये तोच चिकट गाळ.

"हे काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "जिवाणू. पाणी साठलं की हुतंय."

मी घरी येऊन वाचलं, तर खरंच तसं आहे. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांना भिडतात त्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. पाण्यात राहतात आणि डिझेलवर जगतात. त्यांचा चिखल होतो आणि तोच फिल्टरमध्ये अडकतो. टाकी बरेच दिवस अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतला ओलावा थंडीनं पाणी होऊन खाली बसतो, आणि त्यांना घर मिळतं.

मैत्रिणींनो, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. डिझेलमध्येही जीव! आपण धान्याला ऊन दाखवून ठेवतो, पिठाची मर्यादा पाळतो, पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. कीड झाल्यावर मारायची पाळी येऊ नये म्हणून जीवोत्पत्ती होऊच द्यायची नाही, हा त्यातला विचार. गाडीच्या बाबतीतही तोच विचार लागू पडतो. टाकी फार रिकामी ठेवू नये, फिल्टरच्या तळाचं पाणी वेळच्या वेळी काढावं, म्हणजे तिथं जीव वाढणार नाहीत आणि औषध घालून मारायची वेळ येणार नाही. गाडी चालवण्यात हिंसा आहेच, म्हणून तर आपले मुनी पायी विहार करतात. गृहस्थाला गाडी सुटत नाही, पण टाळता येण्यासारखी हिंसा टाळणं त्याच्या हातात असतं.

नवा फिल्टर बसवला, हातपंपानं आतली हवा काढली. मिस्त्रींनी नोझलही तपासून घेतले, चारही ठीक निघाले. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत. गाडी पहिल्यासारखी पळू लागली.

एक गोष्ट राहिली. मिस्त्रींनी फिल्टरवर छापलेली तारीख दाखवली. सहा महिन्यांपूर्वी आम्ही त्याच पहिल्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं होतं आणि बिलात "डिझेल फिल्टर बदलला" असं लिहून पैसे घेतले होते. फिल्टरवरची तारीख त्याच्याही दोन वर्षं आधीची. मला राग आला. सासूबाई म्हणाल्या, "जा, विचार. पण फिल्टरचे आणि मजुरीचे तेवढेच माग. मनस्तापाचे पैसे लावू नकोस, ते घेतले तर आपल्याही हिशोबात गडबड." मी तो कापलेला फिल्टर आणि बिल टेबलावर ठेवलं. मालकानं पोराकडे बघितलं, पोरानं खाली. पैसे परत मिळाले. अचौर्य व्रत आपण देवळात ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर कुलूप फोडणारा चोर येतो. न बदललेल्या वस्तूचं बिल हीसुद्धा चोरीच, आणि ती त्या दिवशी घाटात चार बायकांच्या जिवावर आली असती.

आता दुसऱ्या बाजूचं सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं. गाडी ओढत नव्हती त्या दिवसांत ओळखीच्या एका ड्रायव्हरनं सल्ला दिला होता, "फिल्टर काढून सरळ पाइप जोडा, पळते बघा कशी." हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते हसले. म्हणाले, पळेल की, मस्त पळेल. पण आतून नोझल झिजत जातील, आणि ते कळेल तेव्हा चाळीस हजार खरेच लागतील. पैसे वाचवायला हलक्या प्रतीचा, नकली फिल्टर बसवला तरी तेच होतं. तुंबलेला फिल्टर निदान त्रास देऊन सांगतो. फाटलेला काहीच सांगत नाही.

मला आपल्या आजीची पिढी आठवली. विरलेल्या कापडातून पाणी धो धो पडतं, घागर लवकर भरते, पण त्याला गाळणं म्हणत नाहीत. आपले नियमसुद्धा मला असेच वाटतात. नियम हे आत येणाऱ्याला अडवण्यासाठी असतात. शास्त्रात ज्याला संवर म्हणतात तो हाच, आस्रवाला रोखणं. पण नियम दोन प्रकारांनी बिघडतात. "एवढ्यानं काय होतंय" म्हणत एकेक सूट घेत गेलो की तो विरतो. रात्रीच्या लग्नात एक दिवस, मुलांच्या वाढदिवसाला एक दिवस. आयुष्य सुरळीत चाललेलं दिसतं, आणि आत काय झिजतंय ते दिसत नाही. दुसरीकडे तो तुंबतो. चौक्याची इतकी गडबड, सोवळ्याचा इतका धाक, की दारात उन्हात उभ्या असलेल्या कामाच्या बाईला पाणी विचारायचं कुणाला सुचत नाही. नियम जागच्या जागी असतो, त्यातून दया मात्र पुढं जात नाही. सण-समारंभाच्या दिवशी, सपाटीवर, हे कळत नाही. घरात आजारपण आलं, कुणाचं चुकलं, पैशाची ओढाताण झाली, म्हणजे चढ लागला, की मग कळतं. म्हणून तर प्रतिक्रमण रोजचं ठेवलंय. काय अडलं, काय निसटलं ते रोज बघायचं. 48 मिनिटांनी पाणी पुन्हा गाळायला लावणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता.

आता कामाच्या चार गोष्टी, वहीत लिहून ठेवा.

डिझेल गाडीचा फिल्टर साधारण 20 ते 40 हजार किलोमीटरला बदलतात. तुमच्या गाडीचा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो, तोच खरा. पाणी काढणं त्याच्या आधीही लागतं, विशेषतः पावसाळा संपल्यावर. पाण्याचा दिवा लागला तर "उद्या बघू" म्हणू नका.

पेट्रोल गाडीत जुन्या गाड्यांचा फिल्टर पाइपच्या वाटेत असतो, बऱ्याच नव्या गाड्यांचा टाकीतच, पंपाबरोबर. लक्षणं तीच: चालू व्हायला वेळ, पिकप नाही, वेगात असताना धक्के. फिल्टर तुंबला की पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि तो तापतो. टाकीतला पंप पेट्रोलमुळंच थंड राहतो, म्हणून काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्याच कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांतूनही जातं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीत बसलेला गाळ सोडवतं, आणि तो फिल्टरमध्ये येतो. गाडी जुनी असेल तर फिल्टर लवकर तपासून घ्या. पेट्रोलची शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे. थेंब टाकून तो उडून गेल्यावर डाग राहिला तर पेट्रोलमध्ये भेसळ समजा.

गाडी ओढत नाही म्हणजे दर वेळी फिल्टरच असतो असं नाही. हवेचा फिल्टर, टर्बोचा पाइप, पंप, नोझल, कुठंही दोष असू शकतो. पण सगळ्यांत स्वस्त वस्तू आधी तपासायला सांगा, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या. हे मागायला लाजू नका. मी आता प्रत्येक वेळी मागते, आणि नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर मार्करनं लिहून घेते.

आणि शेवटचं. जुना फिल्टर डिझेलनं भिजलेला असतो. तो गटारात, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर टाकू नका. त्यातलं थोडंसं डिझेलही किड्या-मुंग्यांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या जिवावर उठतं. जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे किंवा गॅरेजच्या भंगारात द्या. फिल्टरमधून काढलेलं पाणीही बाटलीत धरून त्यांच्याकडेच द्या. जिवाणी जिथल्या तिथं पोचवायची सवय आपल्याला आहेच. गाळण्यात जे अडकलं त्याचं पुढं काय करायचं, हाही गाळण्याचाच भाग.

सासूबाई पुढच्या वर्षी शिखरजीला जाऊन आल्या. डोलीतून वंदना केली, सगळ्या टोंकांवर माथा टेकला. आल्यावर पहिला प्रश्न मला, "गाडीतलं पाणी काढलंस का गं?"